बारा कळ्यांचे फडके

सोड्याच्या पाण्यात उकळलेल्या कच्च्या सुताचा वास ज्याने घेतलेला नाही, त्याला आमच्या धरणगावच्या अक्का समजणे अवघड आहे. तो वास सुगंधात मोडत नाही आणि दुर्गंधात तर नाहीच. सरकीचा तेलकटपणा, माठाच्या तळाचा गारवा आणि न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाच्या टाळूची ऊब यांच्या मधोमध कुठेतरी तो घुटमळत राहतो. माझ्या सासऱ्यांच्या या थोरल्या बहिणीच्या खोलीत तो बारा महिने असे. आता त्या नाहीत; पण जळगावच्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेवर वाळत घातलेल्या एका गोल फडक्यावर दुपारचे ऊन आले की तो वास तेवढ्यापुरता परततो. मी हातातले काम थांबवते आणि पुन्हा एकदा त्याच निष्कर्षावर येते, की इतकी निरुपद्रवी वस्तू भेट देऊन इतक्या माणसांना इतके अपराधी करून ठेवणारी दुसरी बाई साऱ्या खानदेशात झाली नसेल.

अक्का भांडी पुसण्याची फडकी विणत. गोल फडकी. दुसरे काहीही विणत नसत. भाचेसुनांनी बाळंतपणाच्या दिवसांत टोपडी मागून पाहिली, भाच्यांनी मफलर मागून पाहिले. सर्वांना गोल फडकेच मिळाले. सुया त्यांनी स्वतः केलेल्या, सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून टोकदार केलेल्या. सुताच्या लडी आणायला त्या एसटीने धुळ्याला जात आणि दुकानदारासमोर लडीचे एक टोक जिभेवर ठेवून ते सूत चांगले की वाईट ते सांगत. दुकानदार दर वेळी दुसरीकडे पाहत असे. मग ते सूत सोड्यात उकळायचे, तीन पाण्यांतून काढायचे, दोरीवर वाळवायचे. एवढे झाल्यावर वीस टाके घालायचे आणि प्रत्येक फेरीत शेवटचा एक टाका न विणता सोडून मागे फिरायचे. असे करत करत निमुळती होत गेलेली एक फाक तयार होई. तिला त्या कळी म्हणत, घागऱ्याची असते तशी. अशा बारा कळ्या एकीला एक चिकटून आल्या की वर्तुळ पुरे होई, पहिली आणि शेवटची कळी सुईने सांधली जाई, आणि अक्का ते फडके मांडीवर पसरून त्यावरून तळहात फिरवत. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे त्याला समाधान म्हणण्याचा मोह मला अनेक वर्षे झाला. ती अधीरता होती, हे मला फार उशिरा समजले.

गोलच का, असे मी नवी सून असताना विचारले होते. "कोपराले काही काम नस," अक्का म्हणाल्या, "तो निस्ता लोंबकळस." असे म्हणताना त्यांची नजर झोपाळ्यावर तिसऱ्यांदा तेच वर्तमानपत्र वाचणाऱ्या धाकट्या भावाकडे गेली होती. माझ्या त्या चुलतसासऱ्यांनी पान उलटले. ऐकले नाही असे दाखवण्याची त्यांना घरात राहून चांगली सवय झाली होती.

त्यांचा सिद्धान्त असा, की फडके विणून पुरे होतच नाही. कोरे सूत पाणी ढकलते; रोज पुसता पुसता, धुता धुता ते पाणी प्यायला शिकते. म्हणजे अर्धे काम त्यांचे आणि उरलेले अर्धे, ज्याला दिले त्याचे. आणि ते अर्धे ज्याचे त्याचे वेगळे उमटते. कुणाचे फडके अंगठ्याच्या जागी विरते, कुणाचे चार बोटांच्या रेट्याने मधोमध झिरझिरीत होते, डावखुऱ्याचे उलट्या अंगाने. "हात लावताच सांगसू कोना हात शे," असे त्या म्हणत. हस्ताक्षर ओळखणाऱ्या जुन्या मास्तरांसारखी ही प्रौढी होती. दुर्दैव एवढेच, की ओळखायला हस्ताक्षर कुणी कधी आणून दिलेच नाही.

कारण आमच्या माणसांना चांगली वस्तू वापरवत नाही. रुखवतातल्या काचेच्या कपांतून तीन पिढ्यांत कुणी चहा प्यालेले नसते; सोफ्यावरचे प्लॅस्टिक सोफा विकेपर्यंत निघत नाही. अक्कांचे फडके हातात पडले की जो तो म्हणे, "किती सुरेख! याने भांडी कशी पुसायची?" आणि ते फडके टीव्हीवर जाई, टेलिफोनखाली जाई, पाण्याच्या माठावर झाकण म्हणून जाई. तेव्हा अक्का तपासणीला निघत. कुठल्याही नातेवाइकाकडे गेल्या की चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याहून नंतर. साक्रीला माझ्या मावससासूबाईंच्या देवघरात बाळकृष्ण त्या फडक्यावर बसलेला त्यांना आढळला. त्यांनी त्याला अलगद उचलून पाटाच्या कडेला ठेवले, फडके झटकले आणि ओट्यावरची निथळती ताटे पुसायला घेतली.

"अहो अक्का, देवाचं आहे ते!" मावशी किंचाळल्या.

"देवनं नही, मनं शे. देव काय ताटं पुसस का?"

"पण अक्का, एवढी कलाकुसर..."

"फडकं पुसाले ऱ्हास, पूजाले नही," अक्का म्हणाल्या आणि सातवे ताट पुसून फडके पिळले. त्या गेल्यावर मावशींनी ते धुऊन, निळीत बुडवून, इस्त्री करून पुन्हा देवाखाली घातले. हे अक्कांना ठाऊक होते आणि अक्कांना ठाऊक आहे हे मावशींनाही ठाऊक होते. आमच्या घराण्यातली बहुतेक नाती अशाच ठाऊक असण्यावर उभी आहेत.

लग्नांत तर त्यांची धास्तीच असे. धुळ्याच्या एका लॉनवर, माझ्या नवऱ्याच्या मावसभावाच्या लग्नात, भिंतीवरची घड्याळे आणि पुष्पगुच्छ यांच्या रांगेत अक्का तपकिरी कागदातले पुडके घेऊन उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर नवरीने हात पुढे केला. अक्कांनी तो मायेने बाजूला सारला आणि पुडके नवरदेवाच्या हातात दिले. "तुले देस, तिले नही. घरमा ताटं कोन पुसी?"

फेट्याखाली घामाघूम झालेला नवरदेव म्हणाला, "अक्का, आमच्याकडे बाई येते."

"बाई नही उनी ते तू पुसशी," अक्का म्हणाल्या. व्हिडिओवाल्याने हात वर करून विनंती केली की आजी, जरा पुन्हा द्या, मधे कुणीतरी आडवे आले. अक्कांनी ते पुडके परत घेतले, परत दिले, आणि तोच प्रश्न तितक्याच खणखणीत आवाजात परत विचारला. ती फीत त्या घरात आजवर पाहुण्यांना दाखवलेली नाही.

सगळ्या गोतावळ्यात त्यांना मनापासून आवडलेला माणूस एकच, वरणगावला कारखान्यात कामाला असलेला त्यांचा भाचा. त्याच्या बायकोने डोळ्यांत पाणी आणून कबूल केले होते, की हे गेली दोन वर्षे अक्कांच्या फडक्याने स्कूटर पुसतात. अक्कांनी ते फडके मागवून घेतले. ग्रीसने काळे पडलेले, एका बाजूने विरलेले ते प्रकरण त्यांनी उलटसुलट पाहिले, नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "बठ्ठास्मा शहाणा हाऊ एकलाच शे." सगळ्यांत शहाणा म्हणून त्याच दिवशी त्याला दुसरे मिळाले. बायको अजूनही सांगते, की तेव्हापासून तो घरात कुणाचे ऐकत नाही.

धरणगावच्या त्या घरात अक्कांनी सारे आयुष्य काढले. लग्न ठरता ठरता राहून गेले. भावांनी त्यांना तळहातावर जपले असे सगळे सांगतात, आणि ते खरेच आहे. भावजयांनी त्यांना कधी चूल फुंकू दिली नाही, कधी उष्टे उचलू दिले नाही. अक्का पोळपाटाशी गेल्या की "अक्का, तुम्ही बसा." निवडायला सूप ओढले की "अक्का, तुम्ही बसा." मी सून म्हणून त्या घरात पहिले वाक्य शिकले ते हेच, पुढे मीही ते सराईतपणे म्हणू लागले. त्यात केवढा गोडवा होता! आणि त्या बसत. खिडकीपाशी, सुया घेऊन.

मला माझे फडके लग्नानंतर महिनाभरात मिळाले. माझे माहेर धुळे शहरातले, शिक्षण मराठीचे, व्यवसाय महाविद्यालयात कविता शिकवण्याचा. त्यामुळे जे काम मावशींनी देवघरात केले ते मी अधिक सुसंस्कृतपणे केले. जळगावला फ्रेमवाल्याकडे जाऊन निळ्या मखमलीची खोल चौकट करून घेतली. मधोमध ते पांढरे वर्तुळ, त्याच्या बारा कळ्या, वर स्वच्छ काच. ती चौकट मी दिवाणखान्यात, दारातून शिरताच दिसेल अशी लावली. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते; मी बारा कडव्यांची कविताही लिहिली. प्रत्येक कळीला एक कडवे. नवव्या कडव्यात सूर्यफूल येते.

नव्या घराच्या वास्तुशांतीला अक्का आल्या. सवयीप्रमाणे त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या; वाटेत थांबल्या. चौकटीसमोर उभ्या राहिल्या. काचेत त्यांचा चेहरा पडला होता, नेमका वर्तुळावर. मी बाजूला उभी राहून त्यांच्या तोंडून काय निघते याची वाट पाहत होते. त्यांनी पाणी मागितले. मी पेला दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तो पेला स्वतः विसळला, स्वतःच्या पदराने आतून बाहेरून कोरडा पुसला आणि ओट्यावर पालथा ठेवला. मला वाटले, गहिवरल्या. मैत्रिणींना मी तसेच सांगितले.

त्यानंतर त्यांनी मला फडके दिले नाही. कधीच नाही. माझ्या नणंदांना, जावांना, माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईलादेखील मिळाले. ती बाई ते रोज वापरी आणि तिचे फडके कसे सुंदर विरत चालले आहे हे अक्का मला तिच्यादेखत ऐकवत. आठ वर्षे मी वाट पाहिली. वर्तुळाच्या बाहेर उभे राहणे म्हणजे काय, यावर मी वर्गात फार चांगले बोलत असे. अनुभव आता आला. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी आपण झुरतो आहोत याची लाज वाटे, आणि लाज वाटली म्हणून झुरणे थांबत नसे.

मग काचबिंदूने अक्कांची दृष्टी गेली. थोडी थोडी, कडेकडून आत. त्यांच्या कळ्यांसारखीच, फेरीगणिक एक टाका सुटत. सुया थांबल्या. त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी त्यांनी भाच्याकरवी सगळ्यांना फोन करवले. "आखाजीले येताना मनी फडकी लई या. बठ्ठी." गोतावळ्यात उत्साहाची लाट पसरली. अक्कांना आपल्या कलेचा संग्रह एकदा हाताखालून घालायचा असेल. कुणी म्हणाले प्रदर्शन भरवू, कुणी म्हणाले शाल देऊ.

फोन आला त्या संध्याकाळी मी सहज सासूबाईंना विचारले, की अक्का माझ्यावर नेमक्या कशाने रुसल्या? सासूबाई पापडाच्या लाट्या करत होत्या. त्यांनी आणखी एक लाटी वळून ताटात ठेवली.

"धरणगावला बैठकीत ते सर्टिफिकेट आहे ना, मामंजींच्या फोटोशेजारी?"

अक्कांच्या वडिलांच्या फोटोशेजारचे ते मी शंभरदा पाहिले होते. शिवण-विणकामाच्या परीक्षेचे, अक्का जिल्ह्यात पहिल्या आल्याचे. कसरीने खाल्लेले, दर दसऱ्याला हार चढणारे.

"त्यावर धुळ्याच्या मुलींच्या शाळेतून पत्र आलं होतं. विणकाम शिकवायला या म्हणून. अक्कांनी ट्रंक भरली होती. मामंजी म्हणाले, आमच्या पोरीला काय कमी आहे, तिनं कशाला दुसऱ्याच्या दारात राबायचं? आणि दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेटला चौकट करून आणली."

"अक्का काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? खिळा ठोकायला मामंजी स्टुलावर चढले," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा स्टूल अक्कांनीच धरलं होतं."

आखाजीला आठ दिवस होते. मी चौकट उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन उरला. मागचे खिळे उपसून, मखमल फाडून मी ते फडके बाहेर काढले. फ्रेमवाल्याने ते मधोमध गोंदाच्या टिकलीने चिकटवले होते; ती टिकली मी नखाने खरवडली. आणि मग मी जे केले ते लिहिताना अजूनही कान तापतात. आठ वर्षांची झीज मी आठ दिवसांत करायला घेतली. दिवसातून चार वेळा ताटे पुसली, स्वच्छ होती तीही. मशीनमध्ये फिरवले, चैत्राअखेरच्या उन्हात गच्चीवर तापवले, धुण्याच्या दगडावर घासले, हळदीच्या पाण्यात बुडवले, तव्याच्या बुडाला चोळले. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "ही काय फडक्याला शिक्षा चाललीय? वर्षभर तास बुडवून शेवटच्या आठवड्यात वही पूर्ण करणारी पोरं तू नापास करतेस ना?" मी ताटे पुसत राहिले. कारण चौथ्या दिवशी मला काहीतरी वेगळेच समजले होते. काचेचे पेले त्या फडक्याने असे पुसले जात होते, की हात लावताच ते किणकिणत. ते फडके उत्तम होते. फार उत्तम. भांडी पुसण्याच्या कामात ते उत्तम होते, आणि ही साधी गोष्ट बारा कडव्यांत कुठेही आलेली नव्हती.

आखाजीला धरणगावच्या अंगणात निंबाला झोके बांधले होते. आलेल्या लेकींची गाणी चालू होती, मागच्या दारी खापरावर पुरणपोळ्या होत होत्या, आणि आमरसाचा पिकट गोड वास बैठकीपर्यंत येत होता. अक्का त्या प्रमाणपत्राखाली सतरंजीवर बसल्या होत्या. एकेकजण पुढे जाऊन फडके त्यांच्या हातात देत होते.

"अक्का, जसं दिलंत तसंच आहे. एक डाग नाही," साक्रीच्या मावशी म्हणाल्या.

"माझं तर अजून तुमच्याच कागदात आहे. सुनेलासुद्धा हात लावू दिला नाही," एक नणंद म्हणाली.

प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरत होत्या. इस्त्रीच्या घड्या उलगडत होत्या. कुणी डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट आणले होते. अक्का प्रत्येक फडक्यावरून बोटे फिरवत, "हं" म्हणत, आणि ते डाव्या हाताला ठेवत. डाव्या हाताला पांढरी, स्वच्छ, अभिमानाने जपलेली चवड वाढत गेली. आयुष्यभर लिहिलेली पत्रे न फोडता परत यावीत तशी. कुणालाही ते दिसत नव्हते. दृष्टी असलेल्या त्या खोलीत एकट्या अक्काच होत्या.

वरणगावचा भाचा शेवटी लाजत पुढे आला. "अक्का, माफ करा. हे पहिलं. अर्धंच उरलंय." त्याच्या हातात चिंधी होती. अक्कांनी ती मांडीवर घेतली आणि मोजली. सहा कळ्या. उरलेल्या सहा जिथे असायला हव्या होत्या त्या रिकाम्या जागेवरूनही त्यांनी बोटे फिरवली, जणू तीच त्यांना वाचायची होती. त्या हसल्या. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग मी गुडघे टेकून माझे फडके त्यांच्या ओंजळीत ठेवले. पिवळटलेले, मऊ पडलेले, कडांना उसवलेले. माझ्या मनात आशा होती. आणि खोटेपणाच्या तळाशी असते तशी एक चिमूटभर खरी मायाही होती. अक्कांनी आधी कड चाचपली, सगळीकडे सारखीच विरलेली. अंगठ्याची जागा शोधली. चार बोटांची जागा शोधली. बाहेर झोक्याची दोरी करकरत होती. बोटे हळूहळू मध्याकडे गेली आणि गोंदाच्या त्या खरवडलेल्या टिकलीवर थांबली. तिथेच राहिली. दुसऱ्या हाताने त्यांनी माझा हात शोधला, उलटा केला, आणि माझ्या तळव्यावरून त्याच मायेने अंगठा फिरवला, ज्या मायेने त्या लडीवरून फिरवत. त्यांच्या अंगाला अजून सुताचा वास येत होता. फडके त्यांनी डावीकडे ठेवले नाही, मांडीवरही ठेवले नाही. त्यांनी ते माझ्याच तळहातावर परत ठेवले, माझी बोटे त्यावर मिटवली आणि म्हणाल्या,

"कोरं."